चुकलेली वही शाळेत जाऊ द्या

मुलीची वही समोर उघडी होती. ५२ वजा ३८, उत्तर २६. माझ्या हातात खोडरबर होतं आणि रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी म्हटलं, ‘‘अगं, दोनातून आठ जातात का? हातचा घे ना!’’ तिने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत पेन्सिल तशीच धरून ठेवली. मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पाचाचे चार केले, दोनाचे बारा केले, बारातून आठ गेले चार, चारातून तीन गेले एक. चौदा. पुढची सात गणितंही अशीच ‘आम्ही’ केली. दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईने ‘छान’ असा शेरा आला. तो वाचून तिच्याआधी मलाच आनंद झाला, यात काय ते समजा.

तीन आठवड्यांनी चाचणी झाली. हातच्याची पाच गणितं होती, पाचही चुकली. तिच्या शिक्षिका मनापासून चकित झाल्या होत्या. ‘‘घरून तर सगळं बरोबर करून आणते,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. तीन आठवडे मी त्यांच्याशी खोटं बोलत होते, खोडरबराच्या तोंडून.

तेव्हापासून माझं एक मत बनलं आहे आणि ते ओळखीपाळखीच्या पालकांना फारसं रुचत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलाचा गृहपाठ बरोबर करून पाठवणं हे पालकाचं काम नाही. मुलाजवळ बसावं, त्याला विचारावं, त्याचं ऐकावं. उत्तराला मात्र हात लावू नये. एवढं करूनही उत्तर चुकीचं राहिलं, तर ते तसंच शाळेत जाऊ द्यावं. सांगायला हे सोपं आहे. पाळायचं तर घरापेक्षा शाळेला जास्त बदलावं लागेल, आणि माझा खरा रोख तिकडेच आहे.

आधी त्या २६ कडे परत जाऊ. मला ती चूक म्हणजे निव्वळ धांदरटपणा वाटली होती. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुका बारकाईने तपासून दाखवलं होतं की, यातल्या कितीतरी चुका अगदी नियमात बसणाऱ्या असतात. संगणकाच्या प्रोग्राममध्ये ‘बग’ असावा तशा. मूल रीत विसरलेलं नसतं, ते एक चुकीची रीत इमानेइतबारे पाळत असतं. माझ्या मुलीचंच बघा. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, म्हणून २६. खालचा अंक मोठा असला की उलटं वजा करायचं, हा तिचा नियम. तो एकदा कळला की तिची पुढची उत्तरं वही न उघडता सांगता येतात. ८१ वजा ४७ ती ४६ लिहिणार, ६० वजा २४ ती ४४ लिहिणार. चाचणीच्या कागदावर नेमकं तसंच होतं.

आणि हा नियम तिला शिकवला कोणी? आम्हीच. ‘लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही’ असं आपण मुलांना पहिल्यापासून बजावत आलो आहोत. तिने ते मनावर घेतलं होतं. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन काढले. तिच्या दृष्टीने ती आमचंच ऐकत होती.

असं चुकलेलं उत्तर हा शिक्षकासाठी एक्स-रे असतो. हाड कुठे सरकलंय ते त्यात स्वच्छ दिसतं. मी काय केलं, तर तो फोटो पुसून त्या जागी धडधाकट हाडाचं चित्र काढून पाठवलं. वर त्या चित्राला ‘छान’ मिळाल्यावर खूशही झाले.

चाचणीनंतर एका रात्री मी दुसरा मार्ग धरून पाहिला. पुन्हा तसंच गणित, पुन्हा २६. मी फक्त म्हटलं, ‘‘३८ मध्ये तुझे २६ मिळव बरं.’’ तिने मिळवले. ६४ आले. ‘‘अगं आई, हे तर ५२ पेक्षा जास्त झाले!’’ मी ‘‘हं’’ म्हटलं आणि गप्प बसले. त्या ‘हं’ला जेवढे कष्ट पडले, तेवढे आठ गणितं सोडवून द्यायला कधी पडले नव्हते. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग तिने दहा-दहा रेघांचे पाच गठ्ठे काढले, शेजारी दोन सुट्या रेघा काढल्या आणि त्यातून आठ खोडायला लागली. दोन खोडून झाल्यावर थांबली. ‘‘एक गठ्ठा सोडू का?’’ हा प्रश्न तिचा होता. हातचा म्हणजे काय हे तिला त्या रात्री कळलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण दोन दिवसांनी ती पुन्हा चुकली. पण गठ्ठा सोडायची गरज का पडते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. आठांपैकी तीनच गणितं झाली. बाकीची जागा कोरी ठेवून वही गेली.

‘मग काय, मूल अडलं तरी नुसतं बघत बसायचं?’ हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो, आणि तो रास्तच आहे. अडलेल्या मुलाला वाऱ्यावर सोडून देण्याला स्वावलंबनाचा धडा म्हणणं ही पालकांची एक सोयीची पळवाट आहे. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांपुढे लाकडाचे २१ ठोकळे ठेवले. ते एकमेकांत बसवून पिरॅमिड रचायचा होता, आणि शेजारी शिकवणारी व्यक्ती होती. तिने मुलाला होता होईल तेवढं स्वतःचं स्वतः करू द्यायचं, असं ठरलेलं होतं. तिच्या मदतीचं वर्णन करायला या तिघांनी शब्द घेतला तो बांधकामावरचा: परांची. भिंत उभी राहीपर्यंत गवंड्याला उभं राहायला परांची लागते. पण भिंतीचं वजन परांची पेलत नसते आणि काम संपलं की ती सोडायची असते. वुड यांनी पुढच्या कामात याचा एक साधा नियम सांगितला. मूल अडलं की मदत एका पायरीने वाढवा, जमलं की लगेच एका पायरीने कमी करा. यातला पहिला अर्धा भाग सगळ्या घरांत पाळला जातो. दुसरा कुणाच्या लक्षातच राहत नाही, आणि मूल सहावीत गेलं तरी परांची तशीच उभी असते.

गृहपाठातल्या या पायऱ्या मला अनुभवाने अशा दिसतात. सगळ्यांत खालची म्हणजे ‘‘पुन्हा एकदा वाच, मोठ्याने.’’ निम्मी गणितं इथेच सुटतात, कारण मुलाने ती वाचलेलीच नसतात. आकडे तेवढे उचललेले असतात. त्याच्या वरची, ‘‘काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग.’’ मग ‘‘असं आधी कधी केलं होतंस का?’’ मग आकडे लहान करून तेच गणित. अगदी वरची पायरी करून दाखवण्याची; तेही वेगळे आकडे घेऊन, वहीबाहेरच्या कागदावर, म्हणजे वहीतलं गणित तिचं तिलाच उरतं. आपण बहुतेक जण सुरुवातच सगळ्यांत वरच्या पायरीवरून करतो. कारण उशीर झालेला असतो. त्यात दुष्टपणा काही नसतो, नुसती झोप असते.

मदत कुठे संपते आणि उत्तर पुरवणं कुठे सुरू होतं, ही सीमारेषा भलतीच फसवी आहे. फ्रेंच गणितशिक्षणतज्ज्ञ गी ब्रूसो यांनी या घसरणीला ‘तोपाझ परिणाम’ असं नाव दिलं. तोपाझ हे मार्सेल पान्योल यांच्या १९२८ सालच्या एका नाटकातले शिक्षक. ते शुद्धलेखन घालत असतात. फ्रेंचमध्ये ‘मेंढ्या’ या अनेकवचनाच्या शेवटी ‘स’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. समोरचा मुलगा तो ‘स’ लिहीत नाही हे बघून तोपाझ आधी त्याचा हलका उच्चार करतात, मग आणखी ठळक, शेवटी तो कानावर आदळेल इतका जोरात. अनेकवचनाचं व्याकरण मुलाला कळलं की नाही, हा प्रश्न बाजूला पडतो. ऐकू आलेलं उतरवणं एवढंच काम त्याला उरतं. मराठीत शुद्धलेखन घालणारी आई ‘पाणीऽऽ’ म्हणताना तो ‘णी’ ज्या मायेने लांबवते, त्यात याहून वेगळं काही नसतं. मी अशा कितीतरी वेलांट्या आवाजाने काढून दिलेल्या आहेत.

यावर कुणी म्हणेल की, सांगू नका, प्रश्न विचारा. सॉक्रेटिसची पद्धत वापरा. पण प्रश्नही तितकेसे निष्पाप नसतात. ‘‘इथे बेरीज करायची की वजाबाकी?’’ असं विचारताना ‘वजाबाकी’वर आवाज चढतोच, आणि मुलं आपल्या आवाजाच्या अभ्यासात पारंगत असतात. खुद्द सॉक्रेटिसचं बघा. प्लेटोने लिहिलेल्या एका संवादात तो एका अशिक्षित गुलाम मुलाला विचारतो: दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू, चार फूट. क्षेत्रफळ निघतं १६, हवे होते ८. मग तो म्हणतो तीन फूट. क्षेत्रफळ ९. आता मात्र मुलगा कबूल करतो की, आपल्याला माहीत नाही. शेवटी कर्णावर चौरस काढून प्रश्न सुटतो. या प्रसंगाचे गोडवे गाणारे सहसा शेवटाकडे बोट दाखवतात. मला तो शेवट जरा लबाडीचा वाटतो. कर्ण सॉक्रेटिसच पुढे आणतो आणि मुलगा बहुतेक ‘हो’ला ‘हो’ करतो. खरी कमाल मधल्या भागात आहे. तिथे सॉक्रेटिस मुलाला दोनदा पुरतं चुकू देतो, चुकीचं उत्तर शेवटपर्यंत मोजायला लावतो आणि मुलगा गोंधळल्यावर म्हणतो की, याचं काही नुकसान झालेलं नाही, आपल्याला माहीत नाही हे तरी याला आता माहीत झालं. आपण घाईघाईने खोडरबर फिरवतो तेव्हा मुलाची नेमकी ही पायरी खोडून टाकतो.

घाईचं म्हणाल, तर मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमध्ये वेळ मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद! मी एकदा मनातल्या मनात मोजून पाहिलं. दुसऱ्याच सेकंदाला जीभ वळवळायला लागली होती.

एवढं वाचून कुणाला वाटेल की, पालकांची मदत सांभाळून केली की फायद्याचीच. इथेही आकडे बुचकळ्यात टाकतात. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली वयाच्या साधारण अकरा ते चौदा या टप्प्यातल्या मुलांवरच्या ५० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पालकांचा शिक्षणातला सहभाग मुलांच्या यशाशी जोडलेला निघाला, अपवाद फक्त गृहपाठातल्या मदतीचा. सर्वांत घट्ट नातं निघालं ते शिक्षणाचं मोल मुलाशी बोलण्याचं, त्याच्याकडून अपेक्षा ठेवण्याचं, पुढच्या आयुष्याचा विचार त्याच्याबरोबर करण्याचं. आता, मागे पडणाऱ्या मुलाला मदत जास्त लागते, म्हणून मदत आणि कमी गुण हे एकत्र दिसतात, असंही असू शकतं, आणि बहुधा थोडंफार तसं असणारच. पण २०१५ सालच्या एका अभ्यासाने माझी झोप उडवली. एरिन मॅलनी आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतल्या ४३८ मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाहणी केली. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही धास्ती वाढली. मात्र ते पालक गृहपाठाला वारंवार मदत करत असतील तरच. धास्ती होती पण मदतीला फारसे बसत नव्हते, त्यांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही. मला शाळेपासून गणिताची भीती आहे. म्हणजे मी जेव्हा कळवळून शेजारी बसत होते, तेव्हा वजाबाकीबरोबर आणखीही काही तिच्या हवाली करत होते.

आता शाळेकडे वळते. पालक खोडरबर का उचलतात? मुलांना विचार करायला न शिकवण्याची त्यांना हौस असते म्हणून नव्हे. वही तपासली जाते म्हणून. गृहपाठाच्या बरोबर-चूकला गुण असतात, शेरा असतो, पालकसभेत ती वही उघडून दाखवली जाते. चुकांनी भरलेली वही म्हणजे घरात लक्ष नाही, असा निकाल न बोलता लागतो. ‘पालकांची सही’ या चौकटीचा अर्थच मुळी ‘मी हे तपासलं आहे’ असा झाला आहे. ज्याच्या सहीखाली उत्तरं जाणार, तो ती दुरुस्त करणारच.

यातला अन्याय बारकाईने पाहिला पाहिजे. एका मुलाची आई संध्याकाळी घरी असते, शिकलेली असते, ती सगळं नीट करून घेते. दुसऱ्याचे आईवडील उशिरा येतात, किंवा त्यांना ते गणित येतच नाही. दुसऱ्या मुलाची वही प्रामाणिक असते, चुकांसकट त्याची स्वतःची असते. गुण कुणाला मिळतात? गृहपाठाला गुण देणारी शाळा मुलाचं नव्हे, घराचं मूल्यमापन करते, आणि त्यातही ज्या घराने कमी लबाडी केली त्याला शिक्षा करते. प्रकल्पांच्या बाबतीत तर हे जगजाहीर आहे. वर्गात मांडलेल्या पंचवीस ज्वालामुखींपैकी कोणता मुलाने केलाय हे लांबूनही ओळखू येतं: जो वाकडा आहे तो. बक्षीस सहसा दुसऱ्याच ज्वालामुखीला जातं.

म्हणून माझी मागणी शाळेकडे आहे. प्राथमिक वर्गांत गृहपाठाच्या बरोबर उत्तरांना गुण देणं बंद करा. सहीचा अर्थ बदला. ‘मूल इतकी मिनिटं या कामाशी बसलं होतं’ एवढीच ग्वाही त्या सहीने द्यावी. आणि मुलांना, पालकांसमोर, स्पष्ट सांगा की अडलेल्या जागी खूण करून आणणं हाही पूर्ण केलेला गृहपाठच आहे. यात शाळेचं काही बुडणार नाही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत १९८७ ते २००३ या काळात झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा गृहपाठ आणि यश यांचं नातं सातवी ते बारावीत ठळक दिसलं, त्याखालच्या वर्गांत ते बरंच फिकं होतं. लहान वर्गांतला गृहपाठ गुणांसाठी राबवण्याला मुळातच फारसा आधार नाही. मग निदान त्यातून मूल कसा विचार करतं, हे तरी शिक्षकाला दिसू द्या.

शिक्षक म्हणतील, एवढ्या वह्यांतली एकेक चूक उलगडायला वेळ कुठून आणायचा? हे मला शंभर टक्के मान्य आहे. वीस गणितांच्या चाळीस वह्या म्हणजे ८०० उत्तरं. कुणीही त्यावर नुसत्या बरोबरच्या खुणा करत सुटेल. पण मग वीस का द्यायची? चार द्या, आणि त्यातल्या एकाखाली ‘कसं केलं ते लिही’ अशी ओळ ठेवा. नियमात बसणारी चूक ओळखायला चार गणितं पुरतात. माझ्या मुलीची ओळखायला दोन पुरली असती.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे: चुकीचं पुन्हापुन्हा करून ते पक्कं बसलं तर? बसतं. त्याला माझ्याकडे तोडग्याचं एकच टोक आहे. गणितं कमी असावीत आणि चूक दुसऱ्याच दिवशी वर्गात हाती घेतली जावी. तसं होत नसेल, वही पंधरा पंधरा दिवस तपासली जात नसेल, तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो आणि पालकाने लक्ष घालणं भाग आहे. तशीच ज्या मुलांना वाचनाची किंवा अंकांची मुळातच वेगळी अडचण आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना परांची जास्त दिवस लागते आणि ती मिळालीच पाहिजे. जिथे चुकलेली वही वर्गापुढे नाचवून मुलाला हसलं जातं, तिथेही मी आईला खोडरबर खाली ठेव म्हणणार नाही. तिथे आधी शाळेशी भांडायला हवं.

आणि स्वतंत्र विचार म्हणजे तरी काय? फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणितशिक्षकांच्या एका गटाने १९७९-८०च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या आसपासच्या ९७ मुलांना एक गणित घातलं: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय काढून दिलं. ही मुलं मठ्ठ नव्हती. गणितात उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात आणि मोठी माणसं निरर्थक काही विचारत नाहीत, हे धडे ती शाळेत आणि घरी शिकली होती. प्रत्येक गृहपाठ बरोबर होऊनच बाहेर पडला पाहिजे, असा घरात दंडक असला की हेच घडणार. ‘हे सुटत नाही’ किंवा ‘हे मला पटत नाही’ असं लिहायला वहीत जागाच ठेवलेली नसते. मी माझ्या मुलीला हे गणित घातलं, तेव्हा तीही ‘छत्तीस’ म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, ‘‘चुकलं?’’ मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीतून ओरडली, ‘‘आई, मेंढ्यांना काय माहीत तो किती वर्षांचा आहे!’’

हे सगळं आत्ता बोलण्याचं कारण फोनमध्ये आहे. शेजारी बसून उत्तरं सांगणारी दमलेली आई आता लागतच नाही. गणिताचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट हजर. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत हजाराच्या आसपास विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट वापरायला दिला, त्यांनी सराव चॅटबॉट न मिळालेल्यांपेक्षा ४८ टक्के चांगला केला. नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा हे १७ टक्के मागे पडले. तिसऱ्या गटाचा चॅटबॉट उत्तर न सांगता फक्त इशारे देईल असा मुद्दाम बनवला होता. त्या गटाचा सराव १२७ टक्के चांगला झाला आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ टळलं. लोक याकडे नव्या यंत्राचा धोका म्हणून बघतात. मला त्यात माझेच ते तीन आठवडे दिसले: घरी सगळं बरोबर, चाचणीत पाचच्या पाच चूक. यंत्राला ‘उत्तर सांगू नकोस’ म्हणून बांधून ठेवता येतं. पालकाला कोण बांधणार? आणि मुलाला लागलेली गोडी आयत्या उत्तराची असेल, तर आईने खोडरबर ठेवून दिलं तरी ते फोन उचलणारच. चुकीचं उत्तर घेऊन शाळेत जाण्यात काही धोका नाही, एवढी खात्री त्याला असेल तर फोन उचलायची गरज तरी जरा कमी होईल. मुलांना फोनपासून दूर ठेवा म्हणणाऱ्या शाळांनी आधी आपली लाल शाई तपासावी, असं मला वाटतं ते याचसाठी.

आमच्या घरी सध्या एक कच्चा तह झाला आहे. तिच्या पेन्सिलीला मी हात लावत नाही. काही करून दाखवलंच, तर ते वेगळ्या कागदावर, आणि तो कागद वहीत घालून पाठवायचा, म्हणजे माझं किती आणि तिचं किती हे शिक्षिकांना दिसतं. सहीच्या चौकटीत मी एखादी ओळ लिहिते. परवा लिहिलं होतं: ‘वीस मिनिटं बसली. चौथं गणित ताळा करून पाहिलं, जुळत नाही हे तिला कळलंय, का ते कळलेलं नाही. मी सांगितलेलं नाही.’ ते लिहितानाही हात जरा अडखळला, कारण चौथं गणित मला येत होतं. दुसऱ्या दिवशी वही परत आली. चौथ्या गणितावर बरोबर-चूक कसलीच खूण नव्हती. खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘वर्गात अकरा जणांचं इथेच अडलंय. उद्या फळ्यावर हेच घेते.’